ढकल, ऐक, ओढ

शमीमताईंनी कुठल्याही बंद झालेल्या गोष्टीवर आपणहून विश्वास ठेवलाय, असं मला आठवत नाही. डब्याचं झाकण लावलं की त्या ते एकदा वर ओढून बघायच्या. कंपनीच्या बसचा दरवाजा क्लीनरनं लावला की जागेवरून उठून त्याला हिसका देऊन यायच्या, आणि क्लीनर बिचारा रोज म्हणायचा, "लावलाय की ओ ताई." कपाटाचं कुलूप, बाटलीचं बूच, माझ्या बॅगेची चेन, कशाचीच सुटका नव्हती. एकदा कँटीनमधून मी हेल्मेट घालून निघालो होतो, तर त्यांनी वाटेत थांबवून माझ्या हनुवटीखालच्या पट्ट्याला असा झटका दिला की मानच खाली आली. "बसलाय," एवढं म्हणून त्या चहाकडे वळल्या.

चाकणला आमची कंपनी गाड्यांसाठी हार्नेस बनवते. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या वायरींचा जुडगा. त्याच्या टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात, आणि एक कनेक्टर दुसऱ्यात नीट बसला तर दिवा लागतो, ब्रेक सांगितलेलं ऐकतो. हे बसवण्याचं काम लांबलचक टेबलांवर बायका आणि मुली करतात. नव्या मुलींना ते शिकवायचं काम शमीमताईंचं. आणि माझं काम म्हणजे ग्राहक कंपन्यांकडून इंग्रजीत येणाऱ्या सूचना मराठीत आणायच्या आणि प्रत्येक टेबलासमोर लावायच्या.

नोकरीला लागल्या लागल्या मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, "'खट्' असा आवाज येईपर्यंत कनेक्टर आत ढकला." मूळ इंग्रजीत 'क्लिक' होतं. म्हटलं, आपल्याकडे आवाजांच्या शब्दांना काय तोटा आहे? कागद लागला त्याच दिवशी दुपारी माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर ओढणी, ओढणीवर कंपनीची निळी टोपी, आणि एप्रनच्या खिशात कसली तरी खडखड.

"हे तुमी लिवलंय?"

"हो. का?"

"खट् कुठं ऐकलं तुमी?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून दोन कनेक्टर काढले आणि तिरपे धरून जोरात एकमेकांत घुसवले. आतली प्लास्टिकची जीभ मोडली. "हे खट्. खट् म्हंजी मोडलं. आता डोळे मिटा." मी डोळे मिटले. दुसरी जोडी त्यांनी माझ्या कानाजवळ आणून सरळ बसवली. "ऐकलं? दोन हायेत. आधी 'क्', मग 'लिक्'. आधी अडतंय, मग बसतंय. इंग्रजांनी बाकी काय केलं मला ठावं न्हाई, पर हा शब्द कान देऊन केलाय."

मला खरं म्हणजे एकच आवाज ऐकू आला होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी मान डोलावली आणि कागदावर 'क्लिक' लिहिलं. त्या दिवसापासून त्या मला 'शब्दवाले' म्हणू लागल्या. पुढे कंपनीत निम्मे लोक मला त्याच नावानं ओळखायला लागले, आणि माझं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं.

शमीमताई मूळच्या भोसरीच्याच. सासऱ्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान होतं, आता नवरा युनूसभाई चालवतात. नवी नवरी असताना दुपारचं जेवण घेऊन त्या दुकानात जायच्या आणि सासरे कुलूप उघडताना काय ऐकतात ते ऐकत बसायच्या. "अब्बा कुलपाला कान लावायचे, आन् मी अब्बाला," असं त्या सांगायच्या. तिथं जडलेलं हे कानाचं वेड त्यांनी चाकणला आणलं. पण आणखी एक वेड त्यांना माझ्या त्या कागदानं लावलं. क्लिक हा शब्द कोण कुठं कशासाठी वापरतं, याची त्यांना विलक्षण उत्सुकता लागली. भेटेल त्याला विचारायच्या. काही सापडलं की चहाच्या सुट्टीत माझ्याकडे हजर.

त्यांचा भाचा अय्याज तळवड्याला आयटीत आहे. तो एकदा घरून काम करत असताना खालांनी, म्हणजे या मावशींनी, शेजारी खुर्ची टाकली. सारखा क्लिक, क्लिक. प्रत्येक क्लिकला त्या विचारायच्या, "आता काय बसलं?" तो म्हणाला, "खाला, बसत काही नाही. पान उघडलं." दुसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाल्या, "शब्दवाले, गंमत बघा. आमच्याकडं क्लिक झालं की बंद. पोराकडं क्लिक झालं की उघडतंय. एकच शब्द, आन् निम्मं जग आत ढकलतंय, निम्मं बाहेर काढतंय."

कंपनीच्या गेटवर जाधवमामा म्हणून फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी सांगितलं, आमचे काही साहेब किलोमीटरला क्लिक म्हणायचे, 'पुढची चौकी चार क्लिक' असं. शमीमताईंना हे काही केल्या पटेना. "यात आवाज कुठाय मामा?" मामांनी मिशीवरून हात फिरवत बराच विचार केला आणि म्हणाले, "चालून चालून गुडघ्यात येतो." हे उत्तर शमीमताईंना इतकं आवडलं की आठवडाभर त्या जिने चढताना गुडघ्याला हात लावून "एक किलोमीटर झाला" म्हणत होत्या.

मोबाइलच्या क्लिकला मात्र त्यांनी आपल्या संग्रहातून हाकललं. टेबलावरच्या मुली सुट्टीत "ताई, एक क्लिक मारू" म्हणत फोटो काढायच्या. ताईंनी अय्याजला विचारून खात्री करून घेतली, की फोनच्या आत काही उघडत नाही की मिटत नाही, तो आवाज नुसता वाजवला जातो. "खोटा हाय तो," त्यांनी निकाल दिला. "आत काय हललंच न्हाई तर वाजायचं कशाला? नाटकी मेला." तेव्हापासून फोटो काढून घेताना त्या तोंड वाकडं करून उभ्या राहायच्या.

अय्याजचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "आम्ही पहिल्या भेटीतच क्लिक झालो." ही बातमी घेऊन त्या आल्या तेव्हा मीही जरा रंगात होतो. म्हटलं, "ताई, आपल्याकडे उलटंय. आपल्याकडे दोन माणसांत खटका उडतो तो भांडणाचा. तिकडे तोच आवाज झाला की माणसं जुळतात." त्यांचा घोट अर्ध्यावरच राहिला. चहा तसाच हातात. मग म्हणाल्या, "उलटं कुठाय? पयल्याच दिवशी सांगितलं न्हाई का, दोन असतात म्हणून? आधी अडतंय, मग बसतंय. आपण पयला ऐकला, त्यांनी दुसरा ऐकला." आणि युनूसभाईंशी लग्नानंतर पहिली काही वर्षं नुसता 'क्'च कसा चालला होता, हे सांगून त्या खूप हसल्या. असं हसताना त्या ओढणीचं टोक तोंडात धरायच्या.

शिकवण्याची त्यांची पद्धत तीन शब्दांची होती. ढकल, ऐक, ओढ. ढकलायचं, क्लिक ऐकायचा, आणि मग उलट ओढून बघायचं. बसलं असेल तर निघणार नाही. एके वर्षी बीड, लातूरकडच्या मुलींची मोठी तुकडी आली. हुशार आणि अतिशय आज्ञाधारक. त्यांना ताईंनी म्हणायला लावलं, "ढकल, क्लिक, ओढ." मुलींनी ते इतकं मनावर घेतलं की टेबलावर बसल्यावरही प्रत्येक कनेक्टरला तोंडानं "क्लिक!" म्हणू लागल्या. रांगेनं क्लिक, क्लिक, क्लिक, शाळेत पाढे चालल्यासारखं. नेमके त्याच दिवशी ग्राहक कंपनीचे पाहुणे आले होते. ते बेहद्द खूश, त्यांनी व्हिडिओ काढले, आमच्या साहेबांची पाठ थोपटली. शमीमताई कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभ्या. पाहुणे जाताच त्यांनी मुलींना गोळा केलं. "तोंडानं क्लिक म्हणायचं न्हाई, बायांनो. त्याला म्हणू द्या. तुमी बोललात तर त्यो कशाला बोलंल?"

एक मुलगी घाबरत म्हणाली, "ताई, तुम्हीच तर म्हणा म्हणलाव ना."

"मीच म्हणले. चुकलं माझं. आता गप ऱ्हावा."

या सगळ्या मौजेखाली एक गोष्ट मात्र त्यांना सतत टोचत होती. अधूनमधून ग्राहकाकडून एखादा हार्नेस परत यायचा. कनेक्टर अर्धवट बसलेला. असा कनेक्टर फार फसवा असतो. आमच्या चाचणीच्या बोर्डावर त्याचा दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं, आणि गाडी चार खड्ड्यांतून गेली की तो सुटतो. ज्या टेबलावरचा असेल त्या मुलीला बोलावलं जायचं आणि प्रत्येक मुलगी एकच सांगायची, शपथेवर, रडत, "क्लिक ऐकला होता." क्वालिटी विभागाचे गोरे आडनावाचे साहेब वैतागून म्हणायचे, "सगळ्यांनीच ऐकला, मग हा बसला का नाही?"

"पोरी खोटं बोलत न्हाईत," शमीमताई मला म्हणाल्या. "ऐकलाय त्यांनी. आन् तरी बसला न्हाई. हे कसं काय, शब्दवाले?" मला काय माहीत? पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. निवृत्ती जवळ आली होती, आणि हे कोडं मागं ठेवून जायचं त्यांना जिवावर आलं होतं.

अशात प्रज्ञा आली. काळेवाडीची, प्रज्ञा गायकवाड. वडील कारखान्यात होते, ते वारले. घरात आई आणि ही. जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ थोडेफार वाचते, बाकीचं मोबाइलवर लिहून दाखवते. भरतीच्या दिवशी हातांच्या चाचणीत ती सगळ्यांत पुढे होती. बारीक वायरी ती अशा उचलायची की बघत राहावं. मग डॉक्टरांनी कान तपासले आणि तिचं नाव बाजूला निघालं. समोरच्या कागदावर माझ्याच मराठीत लिहिलेलं होतं, "क्लिक ऐकू आल्याची खात्री करा." इंग्रजीतही तसंच होतं. जिला ऐकू येत नाही ती खात्री कशी करणार?

तिची आई गेटपाशी उभी होती. शमीमताईंना म्हणाली, "ताई, अशा किती गेटवरनं आम्ही परत गेलोय. पोरगी तर कामाला वाघ आहे. घरात बसून बसून गप होत चाललीय, हात हलवून बोलायची तीसुद्धा बोलेना." मग प्रज्ञानंच मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'क्लिक म्हणजे कसं असतं?'

मी शेजारीच होतो. इतक्या जणांना इतकी वर्षं हाच प्रश्न विचारत फिरलेल्या शमीमताई, आणि आज पहिल्यांदा तो कुणीतरी त्यांना विचारला होता. त्या मोबाइलकडे बघतच राहिल्या. मग खिशातून कनेक्टरची जोडी काढली, प्रज्ञाची बोटं त्याच्या पाठीवर ठेवली, वर आपली ठेवली आणि ढकललं. प्रज्ञानं डोळे मोठे केले. पुन्हा, अशी खूण केली. पुन्हा ढकललं. मग तिनं भराभर लिहिलं, 'अंधारात जिना उतरताना जमीन लागते, तसं.'

"या अल्लाह," शमीमताई म्हणाल्या. मला हाताला धरून त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "शब्दवाले, हा बघा. हा सगळ्यात भारी."

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या त्या कानांत पिवळे बोळे घालून. प्रेस मशीनच्या शेडमध्ये आवाजापासून बचावाला देतात ते, फुगून कान पार बंद करणारे. शिकवायच्या टेबलावर बसून दिवसभर त्यांनी तसंच काम केलं. चहाची घंटा झालेली त्यांना कळली नाही. कँटीनमध्ये "साखर कमी हाय!" असं इतक्या जोरात ओरडल्या की स्वयंपाकी बाहेर धावत आला. जाधवमामांना वाटलं, ताईंचं कुणाशी तरी वाजलं. मी खुणेनं विचारलं, हे काय चाललंय? त्या तेवढ्याच जोरात म्हणाल्या, "बघतेय, कसं असतं ते!"

संध्याकाळी बोळे काढून त्या गोरे साहेबांसमोर उभ्या राहिल्या. बरोबर मला नेलं, कारण म्हणे कागद माझा.

"सायेब, मी आज दिवसभर बहिरी व्हते. सगळे पीस ओढून बघा. क्लिक बोटाला कळतोय."

गोरे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शमीमताई, तुम्हाला इतक्या वर्षांचा सराव आहे. तिला नाही. आणि ही ब्रेकची वायर आहे. उद्या कुठं घाटात एखादा कनेक्टर सुटला तर मी झोपेन का? तुम्ही झोपाल?"

"न्हाई झोपणार," ताई म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, बघा. तिला एक दिवस माझ्याशेजारी बसवा. दोघींचा माल तुमी सोता ओढून बघा. तिचा एकबी सुटला तर मी परत तिचं नाव काढणार न्हाई."

साहेबांनी माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "एक दिवस."

तो दिवस येईपर्यंत ताई रोज काम सुटल्यावर काळेवाडीला जायच्या. कंपनीतून मागून घेतलेले मोडके हार्नेस आणि कनेक्टर पिशवीत घालून. प्रज्ञानं क्लिकसाठी एक खूण काढली होती. डाव्या मुठीवर उजवा तळवा टेकवायचा, दाबायचा, आणि किंचित उचलून बघायचा. त्या एका खुणेत ढकलणंही होतं आणि ओढणंही. ऐकणं नव्हतं. ताई ती खूण मला कँटीनमध्ये करून दाखवत, नुसत्या हरखलेल्या. मी त्यांना इतकं खूश आणि इतकं धास्तावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तो दिवस उजाडला. दोघी शेजारी शेजारी बसल्या. प्रज्ञाची आई गेटवर मामांच्या खोलीत. मी काहीतरी कारण काढून शेडमध्ये घुटमळत होतो. प्रज्ञा खाली मान घालून काम करत होती. ढकल, ओढ. ढकल, ओढ. प्रत्येक कनेक्टरला ती न चुकता उलट ओढून बघत होती, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. शमीमताईंचे हात त्यांच्या सवयीनं चालले होते, पण नजर सगळी प्रज्ञाच्या हातांवर. आईनं पोरीला पहिल्यांदा सायकलवर सोडावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

दुपारनंतर गोरे साहेब आले. बाह्या वर केल्या आणि एकेक कनेक्टर दोन्ही हातांनी ओढू लागले. आधी प्रज्ञाचा सगळा माल. एकही हलला नाही. शेडमधल्या बायका काम सोडून बघत होत्या, साहेब त्यांना काही बोलले नाहीत. मग त्यांनी शमीमताईंचा ओढायला घेतला. जवळजवळ संपत आला होता, आणि एक कनेक्टर साहेबांच्या हातात निघून आला.

त्यांनी तो ताईंच्या पुढे ठेवला, अगदी हळू.

शमीमताईंनी तो उचलला. उलटासुलटा केला. "पर मी ऐकला व्हता," त्या म्हणाल्या. अगदी त्या मुलींसारखं. स्वतःचंच वाक्य कानावर पडलं आणि त्या थांबल्या. त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं, तिच्या आणि आपल्या टेबलामधल्या हातभर अंतराकडे पाहिलं. मग पुन्हा कनेक्टरकडे.

"तिचा ऐकला मी," त्या म्हणाल्या. "सायेब, मी तिचा क्लिक ऐकला. दोघींनी बरोबरच ढकललं. तिचा बसला, वाजला, आन् मला वाटलं माझा वाजला. मग मी ओढलंच न्हाई. ऐकलाच व्हता तर ओढायचं कशाला?" आणि मग टेबलांच्या रांगेकडे वळून, मोठ्यानं, "पोरींनो, तुमी खरं बोलत व्हता गं. तुमी शेजारणीचा ऐकत व्हता."

रांगेत एकदम कुजबुज झाली. इतक्या वेळा रडलेल्या त्या मुलींपैकी एक जण आताही रडायला लागली. गोरे साहेबांनी कपाळ चोळलं, खुर्ची ओढून बसले, आणि स्वतःशीच हसू लागले. "म्हणजे जिला ऐकू येत नाही ती एकटीच फसत नाही," ते म्हणाले. ग्राहक कंपनीशी त्यांनी बरीच भवति न भवति केली, ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. शेवटी मला नवी सूचना लिहायला मिळाली. "क्लिक बोटांना जाणवेपर्यंत ढकला. प्रत्येक वेळी उलट ओढून पाहा." ऐकणं त्यातून गेलं. प्रज्ञा पुढच्या महिन्यात कामावर रुजू झाली.

त्या दिवशी संध्याकाळी गेटवर तिच्या आईनं शमीमताईंना मिठी मारली तेव्हा ताई हसत होत्या. पण बसपर्यंत माझ्याबरोबर चालताना तो सुटलेला कनेक्टर खिशात चाचपत होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "ताई, खरं सांगा. तिच्यासाठी तो तुम्ही मुद्दाम सोडला होतात का?"

त्या थांबल्या. "मुद्दाम केलं असतं तर बरं वाटलं असतं, शब्दवाले. मुद्दाम न्हाई केलं. चुकले मी. सगळ्या दुनियेला ओढून बघत फिरले, आन् आपल्या हातातला ऱ्हायला." डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच वेळी त्यांना हसूही येत होतं. "पर कोडं सुटलं की ओ. ते काय कमी हाय?" मग बसमध्ये चढल्या, आणि क्लीनरनं दरवाजा लावल्यावर नेहमीसारख्या उठून त्याला हिसका देऊन आल्या.

वर्षअखेरीला त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी कुणी भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, "मला बोलायला येत न्हाई, ऐकायला येत व्हतं, आन् त्यातबी गडबड निघाली." सगळे हसले. शिकवायच्या टेबलावर आता प्रज्ञा बसते. नव्या मुली तिच्याकडून हातांनी शिकतात, आणि काम करताना कुणी एक शब्द बोलत नाही. ती खूण आता सगळ्या शेडची झाली आहे. काम नीट झालं का, असं लांबून विचारायचं असेल तर साहेबसुद्धा मुठीवर तळवा टेकवून किंचित उचलतात.

परवा मी भोसरीच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलो होतो. चारी बाजूंनी हॉर्न, एक रिक्षावाला आणि टेम्पोवाला यांची जुंपलेली, वर पुलावरून जड गाड्यांची घरघर. पुढेच एक स्कूटर उभी होती. मागच्या बाजूला, चालकाला ऐकू येत नाही, असं सांगणारं स्टिकर. चालवणारी प्रज्ञा होती. मागे शमीमताई, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. आधीपेक्षा बारीक झालेल्या. ओढणीवर आता निळ्या टोपीऐवजी लाल हेल्मेट, आणि त्याचा पट्टा सुटून खांद्यावर लोंबत होता.

प्रज्ञाला आरशात ते दिसलं असावं. ती मागे वळली, ताईंनी हनुवटी वर केली. तिनं पट्टा ओढून घेतला आणि खटक्यात ढकलला. त्या गोंगाटात तो आवाज कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, ना तिला, ना ताईंना, ना मला. मग तिनं पट्ट्याला खाली असा झटका दिला की ताईंची मान खाली आली. आणि ती पुढे वळली.

मी वाट बघत होतो. आता ताईंचा हात वर जाणार, पट्ट्याकडे, स्वतः एकदा ओढून बघायला. सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. ताईंनी तो हात प्रज्ञाच्या खांद्यावर ठेवला, आणि स्कूटर निघून गेली.